मोटर फिरायला लागली की बोर्ड रीसेट होतो: कोड तपासू की वायरिंग?

चाकोरी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आता अडलोय म्हणून धागा काढतोय. दोन चाकांचा, अडथळा टाळणारा रोबोट बनवतोय. आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर, पिवळ्या गिअरवाल्या दोन मोटर, पुढे एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि तो डावीउजवीकडे वळवायला एसजी९० सर्वो. लॅपटॉपची यूएसबी लावून चाकं हवेत धरली की सगळं झकास, सेन्सर अंतर दाखवतो, सर्वो वळतो, चाकं फिरतात. यूएसबी काढून बॅटरीवर जमिनीवर सोडला की वीतभर पुढे जातो, थबकतो, सर्वो एक झटका देतो आणि परत पहिल्यापासून सुरू. कधीकधी तर तसाच मख्ख उभा राहतो, रीसेटचं बटण दाबेपर्यंत हलत नाही. बॅटरी ९ व्होल्टची चौकोनी, एकच. तिच्यावरून ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलवरून ऊनो आणि सर्वो. कोड बराच लांब आहे, इथे टाकू का?

सावकाश
टाका कोड, बघतो. तोपर्यंत प्रत्येक मोटर कमांडनंतर डिले(२००), म्हणजे २०० मिलिसेकंद थांबा, असं घालून बघा, अशा केसमध्ये बरेचदा सुटतं.

ओहमकार
सावकाश, डिले थांबवा जरा. डिले घातल्यावर "सुटलं" असं वाटतं कारण मोटर आणि सर्वो एकाच क्षणी सुरू व्हायचे ते मागेपुढे होतात, मूळ दुखणं तिथेच राहतं आणि पुढे बॅटरी थोडी उतरली की परत डोकं वर काढतं.

चाकोरी, तुम्ही दोन वेगळी लक्षणं सांगितलीयत आणि ती वेगळीच ठेवा, एकत्र करू नका. "पहिल्यापासून सुरू होतो" म्हणजे रीसेट. "मख्ख उभा राहतो" म्हणजे प्रोग्रॅम कुठेतरी अडकलाय, किंवा कमी व्होल्टेजमुळे चिप भरकटलीय. तिसरा एक प्रकार असतो, प्रोग्रॅम नीट चालू असतो पण निर्णय चुकीचा घेतो, सेन्सर खोटं सांगतोय म्हणून. तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात, "रोबोट थांबला". यातलं नक्की काय होतंय ते कळेपर्यंत कोडची एकही ओळ बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला तेच कळणार नाही.

आधी एवढंच करा. एखाद्या रिकाम्या पिनवर एलईडी आणि ३३० ओहमचा रेझिस्टर लावा (१३ नंबरचा नको, तो बूटलोडरही, म्हणजे बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, चमकवतो, गोंधळ होतो) आणि सेटअपच्या (सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागाच्या) अगदी सुरुवातीला तो पटापट पाच वेळा चमकवा. दुसरा एलईडी लूपमध्ये (सतत फिरत राहणाऱ्या भागात) दर अर्ध्या सेकंदाला उलटसुलट करा, मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) वापरून, डिले नाही. आता रोबोट जमिनीवर सोडा आणि फक्त दिवे बघा. पहिला परत चमकला तर रीसेट. दुसरा गोठला तर अडकलाय. दुसरा छान लुकलुकतोय तरी रोबोट उभा आहे, तर प्रोग्रॅमला वाटतंय की उभं राहणंच बरोबर आहे, मग सेन्सरकडे बघायचं.

तारामंडळ
ओहमकार म्हणतायत ते कराच, पण मला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी हे शब्द दिसले आणि पुढचं वाचावंसंच वाटेना 😀 त्या बॅटरीचा अंतर्गत रोध नवीन असताना सुद्धा दीड-दोन ओहमच्या घरात असतो. पिवळी मोटर मोकळी फिरताना शे-दीडशे मिलिअँपवर भागवते, पण सुरू होण्याच्या क्षणी ती थांबलेलीच असते, तेव्हा तिला फक्त वाइंडिंगचा रोध अडवतो, म्हणून एकेक मोटर जवळपास एक अँपिअर ओढायला बघते. दोन मोटर, वर सर्वो. आता गणित मांडा: दोन अँपिअर गुणिले दोन ओहम म्हणजे चार व्होल्ट बॅटरीच्या आतच गेले. राहिले पाच. ड्रायव्हर मॉड्यूलवरच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला नीट चालायला साधारण सात लागतात. म्हणजे ऊनोला ५ मिळणं शक्यच नाही.

हवेत चाकं फिरतात आणि जमिनीवर अडतात याचं कारणही तेच. हवेत मोटर चटकन वेग घेते, जमिनीवर रोबोटचं वजन ढकलत हळूहळू घेते, त्यामुळे जास्त करंटचा काळ लांबतो. शिवाय तुमच्या चाचणीत लॅपटॉपही ऊनोला वीज देत होता, त्यामुळे बॅटरी बसली तरी बोर्ड जागा राहत होता.

चाकोरी
ताराताई, गणित समजलं. पण मी मल्टिमीटर लावून बघितलं होतं, रोबोट चालू असताना ५ व्होल्टच्या पिनवर ४.८ दाखवत होता, म्हणून पॉवरवर संशयच घेतला नाही. दिव्यांची चाचणी करून सांगतो. ओहमकार दादा, मला अरेतुरे केलं तरी चालेल, लहान आहे मी.

ओहमकार
बरं. मल्टिमीटरने तुला खोटं सांगितलं नाही, पण तो सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि तोही सरासरी. व्होल्टेजची बुडी असते काही मिलिसेकंदांची, ती त्याच्या आकड्यात दिसतच नाही. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच मिटला, सिंगल ट्रिगर ४.५ व्होल्टला लावायचा, खाली येणाऱ्या कडेवर. नसेल तर ऊनोलाच मोजायला लावता येतं, ते पुढे सांगतो, आधी दिवे.

आणि ती मख्ख उभं राहण्याची गोष्ट आता जुळतेय. ऊनोवरची एटीमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि त्या वेगाला डेटाशीटप्रमाणे किमान ३.७८ व्होल्ट लागतात. पण ऊनोचं ब्राउनआउट (वीज कमी पडली की चिप रीसेट करणारं) सेटिंग २.७ व्होल्टचं असतं. म्हणजे व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं तरच चिप स्वच्छ रीसेट होते. २.७ आणि ३.७८ च्या मधे बुडी थांबली तर चिप रीसेट होत नाही आणि बरोबर चालेल याची हमीही नाही. रॅममधला एखादा बाइट बदलला, चुकीच्या पत्त्यावर उडी मारली, काहीही होऊ शकतं. खोल बुडीत रीसेट आणि अर्ध्या बुडीत गोठणं, असं एकाच दुखण्याची दोन रूपं दिसणं अगदी शक्य आहे.

निळा_दिवा
हा पट्टा बहुतेकांना माहीतच नसतो आणि तेच लोक मग "प्रोग्रॅम कधीकधी हँग होतो" म्हणून कोड पुन्हा पुन्हा लिहीत बसतात. ईएसपी३२ (वाय-फाय असलेला दुसरा बोर्ड) या बाबतीत सरळ आहे, सिरीयल मॉनिटरवर (लॅपटॉपवर बोर्डाचे संदेश दिसतात ती खिडकी) स्वतःच लिहून देतो की ब्राउनआउट डिटेक्टर ट्रिगर झाला. रीसेटचं कारण विचारायचं फंक्शनही आहे त्यात. ते डिटेक्टर कोडमधून बंद करायचा सल्ला नेटवर जागोजागी मिळतो, कृपया करू नका, वाय-फाय सुरू होताना तो काहीशे मिलिअँपचे झटके ओढतो आणि डिटेक्टर बंद केला की त्याचंही असंच होतं, सांगता न येणारं वागणं.

ऊनोमध्ये रीसेटचं कारण नोंदवणारं रजिस्टर आहे, एमसीयूएसआर, पण बूटलोडर आपला स्केच (प्रोग्रॅम) सुरू व्हायच्या आधीच ते पुसून टाकतो. सरळ वाचलं तर शून्य दिसतं आणि माणसाला वाटतं रीसेट झालाच नाही.

चाकोरी
चाचणी केली. बॅटरीवर जमिनीवर: बहुतेक वेळा पहिला दिवा परत चमकतो, म्हणजे रीसेट. मधेच एखाद्या वेळी दुसरा दिवा गोठतो, कधी पेटलेला, कधी विझलेला. आणि एक नवीन गोष्ट दिसली. सेन्सरसमोर मोकळी जागा असेल तेव्हा दुसरा दिवा एकसारखा लुकलुकत नाही, मधेच रेंगाळतो, सेकंदभर अडतो आणि मग परत चालू. तेव्हा रोबोट समोर काही आलं तरी सरळ जात राहतो.

सावकाश
हे शेवटचं मात्र कोडमधलं आहे, नक्की. पल्सइन (सेन्सरच्या पल्सची लांबी मोजणारं फंक्शन) वापरताय ना? त्याचा ठरलेला टाइमआउट एक सेकंदाचा असतो. प्रतिध्वनी आलाच नाही तर पल्सइन तेवढा वेळ वाट बघत बसू शकतो आणि तोवर लूप पूर्ण बंद. रोबोट सेकंदाला अर्धा मीटर जात असेल तर अर्धा मीटर आंधळाच गेला की. तिसरा पॅरामीटर म्हणून २५००० द्या. ध्वनी जाऊन परत यायला सेंटिमीटरमागे ५८ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २५००० मध्ये चार मीटरच्या पुढचं सगळं येतं आणि सेन्सरची मर्यादाही तेवढीच आहे. टाइमआउट झाला की पल्सइन शून्य परत देतं. ते शून्य "अडथळा अगदी नाकासमोर" असं धरू नका, बरेच रोबोट मोकळ्या मैदानात उगाच गरगर फिरतात ते यामुळे. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंदांचं अंतरही ठेवा, नाहीतर आधीच्या आवाजाचा प्रतिध्वनी पुढच्या मोजणीत शिरतो.

आणि डिलेबद्दल ओहमकारांचं म्हणणं पटलं. माझा सल्ला मागे घेतो.

ओहमकार
सुंदर निरीक्षण, चाकोरी. एका रोबोटमध्ये दोन स्वतंत्र दोष होते आणि दिव्यांनी ते वेगळे करून दाखवले. नुसता कोड वाचून आपण पल्सइन दुरुस्त केलं असतं, रीसेट होतच राहिला असता आणि पल्सइनची दुरुस्ती चुकीची म्हणून ती काढूनही टाकली असती.

आता ऊनोकडून व्होल्टेज मोजून घ्यायची युक्ती. एटीमेगाच्या आत १.१ व्होल्टचा एक संदर्भ असतो. नेहमी आपण पुरवठा पाच धरतो आणि बाहेरचं व्होल्टेज मोजतो, इथे उलट करायचं, संदर्भ म्हणून पुरवठा निवडायचा आणि मोजायचा तो आतला १.१. पुरवठा खाली गेला की १.१ चं वाचन वर जातं, त्यावरून पुरवठा किती ते काढता येतं: १.१ गुणिले १०२३, भागिले आलेलं वाचन. ५ व्होल्टला वाचन २२५ च्या आसपास येतं. हा १.१ चिपगणिक १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून एकदा मल्टिमीटरशी ताडून घे आणि आपल्या चिपचा खरा आकडा कोडमध्ये लिही. चॅनल बदलल्यावरची पहिली एक-दोन वाचनं फेकून दे, संदर्भ स्थिर व्हायला वेळ लागतो.

मग लूपमध्ये हे सतत वाचून सगळ्यात कमी आलेला आकडा एका व्हेरिएबलमध्ये ठेव. एक वाचन साधारण शंभर मायक्रोसेकंदांत होतं, त्यामुळे मिलिसेकंदांच्या बुड्या सापडतात. फक्त मोटर सुरू करणाऱ्या ओळीनंतर लगेच शंभरेक वाचनं एका दमात घे, नेमकी बुडी तिथेच असते. आणि ते व्हेरिएबल नोइनिट नावाच्या सेक्शनमध्ये ठेव म्हणजे रीसेट झाल्यावर सुरुवातीचा कोड ते शून्य करत नाही. रॅमला पुरेशी वीज टिकली असेल तर मागच्या जन्मातला आकडा सेटअपमध्ये सिरीयलवर छापता येतो. एक सांभाळ, सिरीयल मॉनिटर उघडला की ऊनो मुद्दाम रीसेट होतो, तो रीसेट बॅटरीच्या खात्यात मोजू नकोस.

तारामंडळ
वायरिंगचंही बघून घे रे. फोटो नाहीये म्हणून अंदाजाने विचारते: ग्राउंड कसा नेलायस? ड्रायव्हरचा ग्राउंड ब्रेडबोर्डच्या पट्टीवरून, तिथून सेन्सर, तिथून ऊनो, अशी माळ असेल तर मोटरचा सगळा करंट त्या बारीक जंपरमधून आणि ब्रेडबोर्डच्या स्प्रिंगमधून परत जातो. तिथे थोडा जरी रोध असला तरी सेन्सरचा शून्य आणि ऊनोचा शून्य वेगळे पडतात. मोटरचा ग्राउंड जाड वायरने सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला न्यायचा, ऊनोचा वेगळ्या वायरने त्याच टोकाला, एका बिंदूवर सगळे. लांब ब्रेडबोर्डच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पॉवरची पट्टी मधोमध तुटलेली असते, लाल रेघ तिथे खंडित दिसते, त्या पलीकडे जोडलेलं सगळं अधांतरी राहतं. कंटिन्युइटीचा बझर लावून एकदा तपास.

आणि मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं तो, मोटरच्या पत्र्यावरच सोल्डर कर, ड्रायव्हरच्या बाजूला नाही. ब्रशच्या ठिणग्यांचा कचरा जिथे तयार होतो तिथेच दाबायचा. वायर दोन्ही एकमेकींवर पीळ घालून ने.

चाकोरी
आकडे आले! मोटर सुरू होताना कमीत कमी ३.१ व्होल्ट, आणि त्याच वेळी सर्वो वळत असेल तर आकडाच येत नाही, सरळ रीसेट. म्हणजे ओहमकार दादांनी सांगितलेल्या त्या पट्ट्यात बरोबर सापडलाय. ग्राउंडची माळच होती, ताराताई म्हणाल्या तशी. ब्रेडबोर्डची पट्टी अखंड निघाली.

आता बॅटरी बदलायची तर काय घेऊ? १८६५० चे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये की सहा रिचार्जेबल एए? आणि ड्रायव्हर बदलायला हवा का? एल२९८एन खूप तापतो.

ओहमकार
दोन्ही चालतील. एए निकेल मेटल हायड्राइड सहा म्हणजे ७.२ व्होल्ट, वजन थोडं जास्त, पण चूक झाली तरी ते पोटात घालतात. लिथियमचे दोन म्हणजे ७.४, पूर्ण भरल्यावर ८.४, करंट द्यायला दणकट. पण लिथियम घेतलास तर प्रोटेक्शन सर्किट हवंच, सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, चार्जिंग योग्य चार्जरवरच आणि आपण समोर असताना. बॅटरीच्या धन वायरवर फ्यूज आणि स्विच पहिल्यांदा, बाकी सगळं नंतर. शॉर्ट झालेला १८६५० वायर वितळवतो, यात तडजोड नको.

मोटर थेट त्या पॅकवर ठेव. ऊनो आणि सर्वोसाठी एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारं मॉड्यूल), त्याचं आउटपुट जोडायच्या आधी मल्टिमीटरने ५ वर लावून घे, नवीन मॉड्यूलचा स्क्रू कुठेही असतो आणि बॅटरीचं सगळं व्होल्टेज ऊनोच्या ५ व्होल्ट पिनवर गेलं तर बोर्ड गेलाच. सर्वोच्या पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, धन-ऋण बघून.

ड्रायव्हरचं म्हणशील तर एल२९८एन जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरचा आहे, अँपिअरभर करंटला त्याच्या आतच दोन व्होल्टच्या आसपास खर्च होतात, ते सगळं उष्णतेत जातं. टीबी६६१२ मॉसफेटचा आहे, नुकसान फार कमी, सलग १.२ अँपिअर आणि क्षणभर ३.२ देतो, पिवळ्या मोटरला पुरतो. फक्त दोन गोष्टी. त्याची स्टँडबाय पिन हाय केली नाही तर काहीच हलत नाही, आणि लोक तासन्‌तास वायरिंग तपासतात. दुसरं म्हणजे आता मोटरला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळेल, ६ व्होल्टची मोटर आहे, तर पीडब्ल्यूएम (वीज पटापट चालू-बंद करून वेग ठरवायचा आकडा, ० ते २५५) २५५ पर्यंत नेऊ नकोस, १८० च्या आसपास थांब.

आणि कोडमध्ये एकच बदल मी सुचवेन, वेग एकदम न देता पाव सेकंदात चढवायचा. पुढे जाता जाता एकदम उलटं फिरवणं तर टाळच, फिरत्या मोटरचं स्वतःचं व्होल्टेज तेव्हा पुरवठ्याच्या बाजूने उभं राहतं आणि करंट सुरुवातीच्या झटक्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो.

रोबोनवी
मधेच घुसतेय, पण माझंही थोडं असंच आहे. माझ्या रोबोटचं उजवं चाक वेग ऐकतच नाही. पीडब्ल्यूएम कितीही द्या, डावं चाक बदलतं, उजवं आपल्याच तालात. मोटर अदलाबदल केली, ड्रायव्हरही बदलला, तरी उजवंच. सर्वो काढून टाकला तर मात्र नीट चालतं, म्हणजे हाही पॉवरचाच प्रॉब्लेम ना? उजव्याची इनेबल (ड्रायव्हरला वेग सांगणारी पिन) ९ नंबरला आहे, डाव्याची ५ ला.

सावकाश
नाही, तुमचा पॉवरचा नाही. तुम्ही पिन सांगितल्यात त्यातच उत्तर आहे. ऊनोवर सर्वो लायब्ररी टायमर १ ताब्यात घेते आणि ९ आणि १० या पिनांचं पीडब्ल्यूएम त्याच टायमरवर चालतं. सर्वो अटॅच झाला की त्या दोन पिनांवर अ‍ॅनालॉगराइट नीट चालत नाही. सर्वो कुठल्या पिनला लावलाय याने काही फरक पडत नाही. तसंच टोन फंक्शन टायमर २ वापरतं, म्हणून बझर वाजवताना ३ आणि ११ बिघडतात. इनेबल ५ आणि ६ वर घ्या, दोन्हीची फ्रिक्वेन्सी सारखी, ९८० हर्ट्झच्या आसपास. एक चाक ५ वर आणि दुसरं ३ वर असलं तर तिथे ४९० असते, कमी वेगाला दोन चाकं थोडी वेगळी वागतात, म्हणून जोडी एकाच टायमरवर ठेवलेली बरी.

मोटर अदलाबदल करून बघितली हे फार बरं केलंत, दोष मोटरबरोबर गेला नाही म्हणजे तो पिनेबरोबर किंवा कोडबरोबर आहे हे तिथेच सिद्ध झालं.

रोबोनवी
५ आणि ६ वर घेतलं, दोन्ही चाकं ऐकतायत! खूप आभार. आता एक ओएलईडी स्क्रीन लावायचीय अंतर दाखवायला, १२८ बाय ६४ ची. लायब्ररीचं उदाहरण एकटं चालतं, माझ्या कोडमध्ये घातलं की स्क्रीन काळी. कंपायलर म्हणतो ६१ टक्के मेमरी वापरलीय, म्हणजे जागा आहे ना?

निळा_दिवा
नाहीये. ऊनोची रॅम २०४८ बाइट. त्या स्क्रीनवर १२८ गुणिले ६४ ठिपके, एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे १०२४ बाइटचा बफर, आणि तो लायब्ररी प्रोग्रॅम चालू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपायलरच्या टक्क्यांत तो धरलेलाच नसतो. ६१ टक्के म्हणजे साडेबाराशे गेले, राहिले आठशे, बफर बसतच नाही. स्क्रीनचं बिगिन फंक्शन अशा वेळी फॉल्स देतं, ते तपासून सिरीयलवर छापा. सिरीयल प्रिंटमधले सगळे मजकूर एफ मॅक्रोत गुंडाळा, ते फ्लॅशमध्येच राहतात, तेवढ्यानेच बरीच जागा सुटते. नाहीतर फक्त अक्षरं दाखवणारी, बफर न ठेवणारी लायब्ररी घ्या, अंतराचे आकडे दाखवायला पुरे.

पुढे आय-टू-सीवर (एकाच तारांवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत) अजून काही जोडणार असाल तर आधी अ‍ॅड्रेस स्कॅनर चालवा. एमपीयू६०५० (हालचाल मोजणारा सेन्सर) आणि डीएस३२३१ घड्याळ दोन्ही हेक्स ६८ वरच बसतात. एकेकटे छान चालतात, एकत्र लावले की दोन्ही वेड्यासारखे आकडे देतात. एमपीयूची एडी-झीरो पिन हाय केली की तो ६९ वर जातो.

चाकोरी
माझा बदल झाला. दोन १८६५०, बक कन्व्हर्टर, ग्राउंड एका बिंदूवर, मोटरवर १०४, वेग चढवत नेणं. ड्रायव्हर अजून जुनाच आहे. कमीत कमी व्होल्टेज आता ४.८७ येतंय, तेही सर्वो आणि दोन्ही मोटर एकदम सुरू केल्यावर. रीसेटचा दिवा एकदाही परत चमकला नाही.

पण एक गंमत उरलीय. चालू केल्यावर सुरुवातीला अर्धा मिनिट अडथळे अगदी छान टाळतो. मग अचानक वळायचं सोडून देतो, भिंतीसमोर नुसता थरथरतो. दुसरा दिवा तेव्हाही लुकलुकत असतो. बंद करून चालू केला की परत अर्धा मिनिट छान. वळायचा वेळ मिलिसने मोजतोय, ५०० मिलिसेकंद.

सावकाश
वळण सुरू झाल्याची वेळ कुठल्या टाइपमध्ये ठेवलीयस? इंट?

चाकोरी
हो, इंट वळणसुरू = मिलिस() असं.

सावकाश
मग अर्धा मिनिट म्हणजे नेमके ३२.७६७ सेकंद असणार. ऊनोवर इंट १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढे तो ऋण होतो. मिलिस देतो ३२ बिटचा अनसाइन्ड लाँग. ४० सेकंदांना वळण सुरू झालं तर इंटमध्ये उरतात उणे २५५३६. वजाबाकी केली की येतात ६५५३६, आणि ते कायमच ५०० पेक्षा जास्त. म्हणजे वळण सुरू झाल्या क्षणी "संपलं" असं ठरतं, लगेच परत अडथळा दिसतो, परत वळण, परत संपलं, तीच तुझी थरथर. टाइप अनसाइन्ड लाँग कर. मिलिस स्वतः ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, पण तुलना "आत्ता वजा सुरुवात" अशी वजाबाकीने केली असेल तर तेव्हाही काही बिघडत नाही. "सुरुवात अधिक ५०० पेक्षा आत्ता मोठा का" असं लिहिलं तर मात्र तिथे अडकतं.

ओहमकार
आणि याच्यावर दिव्याने काय सांगितलं बघ: दिवा लुकलुकतोय, म्हणजे बोर्ड ठीक, लूप ठीक, निर्णय चुकीचा. म्हणून सावकाशांनी बॅटरीचा ब सुद्धा काढला नाही. असे ठरावीक वेळेने येणारे दोष जवळजवळ नेहमी आकडा भरून वाहण्याचे असतात. पॉवरचे दोष असे घड्याळ लावून येत नाहीत, ते भारावर आणि बॅटरी किती भरलीय त्यावर येतात.

चाकोरी
झालं! बराच वेळ फिरवतोय, एकही अडखळ नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. पुढची पायरी म्हणून हेच सगळं ईएसपी३२ वर न्यायचंय, फोनवरून चालवायला. सेन्सर आणि कोड तोच चालेल ना? इंटवाला दोष तिथेही येईल का?

निळा_दिवा
इंट तिथे ३२ बिटचा आहे, त्यामुळे तीच ओळ तिथे निमूट चालली असती आणि साधारण पंचवीस दिवसांनी मिलिस ऋण दिसायला लागला असता. अनसाइन्ड लाँगच ठेव, दोन्हीकडे बरोबर.

सेन्सर मात्र तसाच लावू नकोस. एचसी-एसआर०४ ची एको पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ च्या पिना ३.३ च्या आहेत. एकोपासून १ किलोओहम, मग पिन, मग पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहम, एवढा डिव्हायडर पुरतो. ट्रिगरला काही लागत नाही, बहुतेक मॉड्यूल ३.३ ओळखतात. पिना निवडताना १२ नंबर टाळ, बोर्ड सुरू होताना ती हाय राहिली तर चिपला वाटतं फ्लॅश १.८ व्होल्टची आहे आणि बूटच होत नाही. ०, २, ५, १५ यांनाही सुरू होताना भूमिका असते, मोटर ड्रायव्हर त्यांच्यावर नको. ३४ ते ३९ फक्त इनपुट, आत पुलअप नाही, तिथे बटण लावलंस तर बाहेरून १० किलोओहम दे. बॅटरीचं व्होल्टेज मोजायला ३२ ते ३९ मधलीच पिन घे, कारण दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाच्या) पिना वाय-फाय चालू असताना वाचता येत नाहीत. सर्वोसाठी ईएसपी३२ ची वेगळी लायब्ररी लागेल. आणि ती १.१ व्होल्टची युक्ती एटीमेगाची आहे, इथे बॅटरीवरून सरळ डिव्हायडर काढून मोज, ८.४ व्होल्टसाठी वर ३० किलोओहम आणि खाली १० किलोओहम, म्हणजे पिनेवर जास्तीत जास्त २.१ येतील.

चाकोरी
डिव्हायडरचे रेझिस्टर आहेत माझ्याकडे. पिनांचा नकाशा काढून इथे टाकतो, जोडायच्या आधी एकदा नजर टाका.